जुनी टँक मॅन्युअल्स आणि शेवटच्या पानामागचे आकडे

तेलकट_पानं

गेली अकरा वर्षं मी जुन्या रणगाड्यांची मॅन्युअल्स जमवतोय. सध्या साठेक आहेत. ब्रिटिश सेंच्युरियनच्या वापरपुस्तिका, अमेरिकी शर्मन आणि एम-६०, सोव्हिएत टी-५४, स्वीडनच्या बिनबुरुजाच्या एस टँकचं एक, आणि पूर्व जर्मनीच्या लष्कराची टी-५५ वरची तीन.

यात वाचण्यासारखं काय असतं, असं बरेच जण विचारतात. माझं मत असं की या पुस्तकांत टँकपेक्षा माणूस जास्त दिसतो. सक्तीच्या भरतीच्या लष्करात मॅन्युअल लिहिणाऱ्याला आपला वाचक नेमका ठाऊक असतो. तो एकोणीस-वीस वर्षांचा आहे, त्याला इथे यायचंच नव्हतं, दीड-दोन वर्षांत तो घरी जाणार, आणि तेवढ्या काळासाठी ३६ टनांचं यंत्र त्याच्या ताब्यात द्यायचं आहे. म्हणून ही पुस्तकं कधी दटावतात, कधी समजूत काढतात, कधी चित्र काढून दाखवतात. मला ती त्या पोराला लिहिलेल्या पत्रांसारखी वाटतात.

आता प्रश्न. पूर्व जर्मन टी-५५ च्या एका पुस्तकात शेवटी विजेच्या जोडणीचा मोठा नकाशा घडी घालून लावलाय. तो परवा पहिल्यांदाच पूर्ण उलगडला. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात आकडे लिहिलेत: १५०, १४९, १४८... प्रत्येक आकड्यावर एक तिरकी रेघ. ९३ नंतरच्या आकड्यांवर रेघा नाहीत, पण आकडे थेट १ पर्यंत लिहून ठेवलेत. हे काय असावं?

डिझेलकाका

धागा आवडला. पहिला तर्क इंजिनाच्या तासांचा. टी-५५ चं १२ सिलिंडरांचं ५८० अश्वशक्तीचं डिझेल ठरावीक तास चाललं की तेल, गाळण्या वगैरे बदलायचं वेळापत्रक असतं. पण ते तास चढत्या क्रमाने मोजतात, उतरत्या नाही. म्हणजे माझा तर्क मीच खोडला.

शून्य_सहा

तोफगोळे?

तेलकट_पानं

@शून्य_सहा, टी-५५ मध्ये ४३ गोळे मावतात. दीडशे नाही.

मेघना_र

ट्रॅकच्या, म्हणजे साखळीपट्ट्याच्या, कड्या मोजल्या असतील.

डिझेलकाका

मेघनाताई, एका बाजूच्या ट्रॅकला नव्वदच्या आसपास कड्या असतात. दोन्ही मिळून एकशेऐंशी होतात, तिथेही दीडशे बसत नाही. पण ट्रॅकवरून आठवलं. सोव्हिएत टी-३४ टँकच्या ट्रॅकच्या पिना एका बाजूने मोकळ्याच असत, अडकवायला काही नसे. त्या आतल्या बाजूला सरकत बाहेर यायच्या. त्यावर उपाय म्हणून गाडीच्या अंगालाच एक उतरती पट्टी जोडली होती. ट्रॅक फिरताना पिनेचं डोकं त्या पट्टीवर आपटायचं आणि पीन पुन्हा आत जायची. शिपायाला लक्षात ठेवावं लागणारं एक काम यंत्रानेच उचललं. तुमचा 'वाचक कोण' हा मुद्दा मॅन्युअलच्या आधी आराखड्यातच सुरू होतो, तो असा.

कागदी_वाघ

धागाकर्त्याच्या मताला पुरावा हवा असेल तर टायगरफिबेल बघा. जर्मन टायगर टँकची ही पुस्तिका ऑगस्ट १९४३ मध्ये निघाली, तिला मंजुरी जर्मन सेनापती गुडेरियनची. फिबेल म्हणजे लहान मुलांचं अंकलिपीचं पुस्तक. आत प्रत्येक धड्याला यमकातलं बोधवाक्य आहे, व्यंगचित्रं आहेत, एल्विरा नावाची एक तरुणी पानापानांतून डोकावते. कुठला शत्रू टँक किती अंतरावरून कुठल्या बाजूने आपल्याला भेदू शकतो, हे चार पाकळ्यांच्या पानाची आकृती काढून दाखवलंय. ती पाकळी एकदा पाहिली की तक्ता पाठ करावा लागत नाही.

एका ठिकाणी हिशेबही मांडलाय. टायगरला ८ लाख मार्क आणि ३ लाख श्रमतास लागतात, म्हणजे ६,००० माणसांची आठवडाभराची मेहनत तुझ्या हाती आहे, जपून वापर. पुढच्या वर्षी पँथर टँकचीही अशीच फिबेल निघाली.

ज्यांना जमवायचं आहे त्यांना इशारा: या पुस्तिकेची पुनर्मुद्रणं अमाप आहेत. मला एकाने मूळ प्रत म्हणून पुनर्मुद्रण गळ्यात मारलं होतं. स्टेपल चकचकीत आणि कागद सगळीकडे एकसारखा पिवळा असेल तर थांबा. जुना कागद कडांकडून आत पिवळा होत जातो आणि स्टेपलच्या गंजाचा डाग पानात उतरलेला असतो.

अनुस्वार

कागदी_वाघ, माहिती उत्तम, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. ती पुस्तिका गमतीदार आहे म्हणून ती कोणाच्या युद्धासाठी लिहिली होती हे विसरता येत नाही. हसवून शिकवणं ही युक्तीच आहे, आणि ती युक्ती वीस वर्षांच्या मुलाला कुठे नेऊन सोडते तेही बघायला हवं. संग्रह करा, पण शेजारी इतिहासाचं पुस्तक ठेवा.

कागदी_वाघ

अगदी मान्य. माझ्या कपाटात ते शेजारीच आहे.

चौकट_राजा

हसवून शिकवण्याचं काम अमेरिकनांनी जास्त काळ आणि जास्त चांगलं केलं. विल आयस्नर हा कॉमिक्सचा मोठा चित्रकार १९४२ मध्ये स्वतःच सक्तीने भरती झाला. तिथे त्याने वाहनांच्या देखभालीवरच्या नियतकालिकासाठी 'जो डोप' नावाचा धांदरट शिपाई काढला. तो जे करतो ते करायचं नाही, इतकं सोपं. पुढे १९५१ च्या जूनमध्ये लष्कराने 'पीएस' हे देखभालीचं मासिक सुरू केलं आणि १९७१ पर्यंत आयस्नर त्याचा कलाप्रमुख होता. कोरिया आणि व्हिएतनाम, दोन्ही युद्धं त्यात आली. सक्तीची भरती अमेरिकेत १९७३ मध्ये थांबली, मासिक मात्र चालू राहिलं.

त्यामुळे धागाकर्त्याशी थोडा मतभेद आहे. चित्रं काढून सांगणं हे फक्त नाइलाजाने आलेल्या पोरासाठी नसतं. थकलेल्या, भिजलेल्या, अंधारात टॉर्च दातात धरून बसलेल्या कोणालाही चित्रच कळतं, मग तो स्वखुशीने आलेला असो वा नसो.

तेलकट_पानं

@चौकट_राजा, हा मुद्दा पटला. तरीही एक फरक मला दिसतो. सक्तीच्या लष्करांच्या पुस्तकांत 'का' कमी आणि 'किती वेळाने' जास्त असतं. व्यावसायिक सैनिकाला दहा वर्षांत कारण समजतंच. दीड वर्षाच्या शिपायाला कारण समजेपर्यंत त्याची जायची वेळ आलेली असते, म्हणून त्याला वेळापत्रक देतात.

डिझेलकाका

अमेरिकी मॅन्युअलांचे क्रमांक कसे वाचायचे ते इथे नोंदवून ठेवतो, नव्यांना उपयोगी पडेल. एम-६०ए१ चं चालकदलाचं पुस्तक टीएम (तांत्रिक मॅन्युअल) ९-२३५०-२१५-१०. यातला २३५० म्हणजे साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या लढाऊ वाहनांचा वर्ग. शेवटचा १० म्हणजे जे टँक वापरतात त्यांनी स्वतः करायची कामं. २० असेल तर तुकडीतल्या मेकॅनिकची. आकडा वाढला की काम वर्कशॉपकडे सरकतं. शेवटी 'पी' असेल तर ते सुट्या भागांचं पुस्तक.

माझ्या मते वाचायला सगळ्यात चांगलं दहाचं पुस्तक. त्यातले तक्ते तीन भागांत असतात: निघण्यापूर्वी, चालू असताना, परत आल्यावर. कामावर जाणाऱ्या कुठल्याही यंत्राला हे लागू करा, काहीच अडत नाही.

शून्य_सहा

काका, माझ्या स्कूटरला लावून बघतो.

डिझेलकाका

बघ, आणि पहिल्या आठवड्यात काय सापडलं ते इथे लिही.

विस्तुला

आकड्यांचं उत्तर बहुधा माझ्याकडे आहे. उशिरा पाहिला धागा.

मी काही वर्षं पोलंडमध्ये कामाला होते. तिथले माझे एक वयस्क सहकारी सक्तीची सेवा केलेले. त्यांच्या घरी एका डबीत शिंप्याची मापाची फीत होती, रंगवलेली, आणि अर्धवट कापलेली. शिंप्याची फीत दीडशे सेंटिमीटरची असते. सुटकेला दीडशे दिवस उरले की जुना शिपाई ती विकत घेई आणि रोज एक सेंटिमीटर कापे. नव्या शिपायांसमोर तो कापलेला तुकडा मिरवायची पद्धत होती. या सगळ्या ज्येष्ठ-कनिष्ठ प्रकाराला तिथे 'फाला' म्हणत, म्हणजे लाट. शेवटी घरी जाताना पाठीवर रंगवलेला मोठा रुमाल. पोलंडमध्ये ही सक्ती २००९ मध्ये थांबवली.

पूर्व जर्मनीतही हीच फीत होती. शेवटच्या सहामाहीतल्या शिपायाला 'एका' म्हणत, 'सुटकेचा उमेदवार' अशा अर्थाच्या जर्मन शब्दाची ती आद्याक्षरं. म्हणजे तुमच्या नकाशामागचे १५० हे दिवस आहेत. फीत मिळाली नसेल किंवा लपवायला जागा नसेल, म्हणून त्याने कागदावर फीत केली.

तेलकट_पानं

ताई, हे वाचून मी ते पान पुन्हा उलगडून बसलो. आकडे खरंच एका लांब ओळीत, फितीसारखे लिहिलेत! मी त्यांना ओळ म्हणून पाहिलंच नव्हतं, नुसते आकडे म्हणून पाहत होतो.

मेघना_र

अंगावर काटा आला.

उत्तरायण

चेकोस्लोव्हाकियातही 'मीटर' कापायचे. जुन्याला 'माझाक' म्हणत.

फिनलंडमध्ये अजून सक्तीची सेवा आहे. १६५, २५५ किंवा ३४७ दिवस, कामानुसार. तिथे 'तेयी' हा आकडा असतो, 'आज उरलेले' या शब्दांची आद्याक्षरं. दोन शिपाई भेटले की तुझा तेयी किती, हा पहिला प्रश्न. फ्रान्समध्ये सेवा संपण्याला 'कीय' म्हणत, म्हणजे लाकडी खुंटाच्या खेळातला खुंट. तो खुंट रंगवून, कोरून घरी नेत. शंभर दिवस उरले की 'पेर साँ' नावाची मेजवानी. व्हिएतनाममध्ये अमेरिकी शिपायांची नेमणूक साधारण वर्षाची, म्हणून त्यांच्याकडे एकेक चौकोन रंगवायची दिनदर्शिका असे.

एकमेकांशी लढायला तयार ठेवलेली ही सगळी पोरं आपापल्या बराकीत एकच गोष्ट करत होती.

शून्य_सहा

कोरियातला किस्सा ऐकलाय का? तिथे मुलींना पुरुषांच्या दोन गोष्टी ऐकवत नाहीत म्हणे, एक लष्करातली आणि दुसरी फुटबॉलची. आणि सगळ्यात असह्य तिसरी: लष्करात असताना खेळलेल्या फुटबॉलची.

अनुस्वार

😂 हा खरंच तिथला जुना विनोद आहे, कोरियन मैत्रिणीकडून ऐकलाय.

सिंहपूर

या धाग्यावर मला लिहायलाच हवं. आम्ही सिंगापूरमध्ये राहतो, कायम रहिवासी. इथे १९६७ पासून सक्तीची राष्ट्रीय सेवा आहे आणि कायम रहिवाशांच्या मुलांनाही ती लागू आहे. माझा मुलगा दोन वर्षं करून आला.

पहिल्या दिवशी तेकोंग बेटावर त्यांना घेऊन जातात, आईवडिलांनाही नेतात. मुलं शपथ घेतात आणि आपण फेरीत बसून परत येतो. परतीच्या फेरीत सगळ्या आया गप्प होत्या. घरी आल्यावर त्याच्या खोलीत जाऊन मी उगाचच चादर बदलली.

इथला काउंटडाउन म्हणजे 'ओआरडी'. सक्रिय सेवा संपण्याची तारीख. मुलाच्या फोनवर त्याचं ॲप होतं, टक्केवारी दाखवणारं. सुटीत घरी आला की जेवताना फोन पुढे करायचा: आई, ६१ टक्के. मला सुरुवातीला वाईट वाटायचं, इतकं का त्याला तिथून निघायचंय. नंतर कळलं की ती गंमत आहे, सगळ्यांना धरून ठेवणारी. सुटल्यानंतर तीच मुलं दर महिन्याला भेटतात.

त्याने मला एक चित्र दाखवलं होतं, या देशाचे पहिले टँक. फ्रेंच एएमएक्स-१३, छोटेसे, इस्रायलकडून घेतलेले. ऑगस्ट १९६९ च्या राष्ट्रीय दिनाला असे ३० टँक संचलनात आले. सक्तीची सेवा सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. कोणाकडे त्या टँकचं मॅन्युअल असेल तर मुलाला दाखवायला आवडेल.

कागदी_वाघ

सिंहपूर ताई, माझ्याकडे फ्रेंचमधलं आहे, पानांचे फोटो पाठवतो. मजेशीर टँक आहे. बुरुजाचा वरचा भाग तोफेसकट वरखाली हलतो. मागे सहा-सहा गोळ्यांचे दोन फिरते पिंप, रिव्हॉल्व्हरसारखे. त्यामुळे गोळे भरणारा वेगळा माणूस लागत नाही, तिघांत काम होतं. पण बारा गोळे झाले की पिंपं भरायला माघार घ्यावी लागते. टँकचा वेग आणि टँकची अडचण, दोन्ही एकाच यंत्रात.

चौकट_राजा

चौथा माणूस कमी करणं हा सक्तीच्या लष्करांचा आवडता विषय आहे. टी-५५ मध्ये चौघे, टी-७२ मध्ये आपोआप गोळे भरणारं यंत्र आणि तिघे. स्वीडनचा एस टँक तर कहर. बुरुजच नाही, तोफ गाडीला घट्ट बसवलेली. नेम धरायला अख्खी गाडी वळवायची, आणि पुढची किंवा मागची बाजू दाबून वरखाली करायची. ज्या हँडलने गाडी वळते त्यानेच तोफ रोखली जाते, म्हणजे चालवणं आणि नेम धरणं वेगळं शिकवताच येत नाही. तिसरा माणूस मागे तोंड करून बसतो, रेडिओ सांभाळतो आणि गरज पडली तर गाडी उलटी पळवतो. असे २९० टँक बनले आणि १९९७ पर्यंत सेवेत होते.

धागाकर्ते, तुमच्या एस टँकच्या पुस्तकाबद्दल वेगळा धागा काढा ही विनंती.

सरळ_रेघ

वाचून एकच वाटलं, ही सक्ती सगळीकडे असायला हवी. दोन वर्षांत पोरांना शिस्त लागते.

अनुस्वार

सरळ_रेघ, यावर थांबून बोलू या. वर विस्तुला ताईंनी 'लाट' हा शब्द ओझरता वापरला. त्या लाटेखाली काय असे?

सोव्हिएत लष्करात त्याला देदोवश्चिना म्हणत, आजोबांचं राज्य. १९६७ च्या कायद्याने भूदलातली सेवा तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आणि वर्षातून दोनदा भरती होऊ लागली. म्हणजे एका बराकीत कायम चार तुकड्या, सहा-सहा महिन्यांच्या अंतराने. नवा तो 'भूत', शेवटच्या सहामाहीतला तो 'आजोबा'. भुताने आजोबाचं अंथरूण घालायचं, पहारा करायचा, मार खायचा. दीर्घकाळ राहणारे अनुभवी हवालदार जवळपास नव्हतेच, सार्जंटही सक्तीनेच आलेले. रात्री अधिकारी घरी गेले की बराक आजोबांची. मार खाल्लेला दीड वर्षाने स्वतः आजोबा होई, आणि हिशेब ज्याच्याकडून घ्यायचा त्याच्याकडून न घेता नव्या पोराकडून घेई.

ही गोष्ट सोव्हिएत संघासोबत संपली नाही. २००५ च्या अखेरीच्या रात्री चेल्याबिन्स्कच्या टँक अकादमीत एका शिपायाचा इतका छळ झाला की त्याचे पाय कापावे लागले. १९८९ मध्ये सैनिकांच्या आयांनी समिती स्थापन केली, कारण पोरांना वाचवायला दुसरं कोणी नव्हतं. रशियाने २००८ पासून सेवा एका वर्षाची केली, त्यामागे हेही एक कारण होतं.

ही शिस्त नव्हे.

सरळ_रेघ

मी इतकं खोलात वाचलं नव्हतं. पण सिंहपूर ताईंच्या मुलाला चांगला अनुभव आला ना? म्हणजे दोष सक्तीचा की ती राबवणाऱ्यांचा?

उत्तरायण

चांगला प्रश्न आहे. पश्चिम जर्मनीचं उदाहरण यासाठी बघा. १९५५ मध्ये नवं लष्कर उभं राहिलं आणि पुढच्या वर्षी सक्तीची भरती आली. हिटलरच्या काळातलं जुनं लष्कर डोळ्यांसमोर होतं, म्हणून शिपाई म्हणजे 'गणवेशातला नागरिक' हे तत्त्व ठरवलं. गुन्हा ठरेल असा हुकूम पाळायचा नाही, हे कायद्यात लिहिलं. १९५९ पासून संसदेचा एक आयुक्त बसवला, त्याच्याकडे कुठलाही शिपाई वरिष्ठांना वगळून थेट तक्रार करू शकतो. म्हणून तिथे सगळं गोड होतं असं नाही. पण रात्री बराकीत एकट्या पडलेल्या पोराला पत्र लिहायला एक पत्ता होता.

पूर्वेकडे १९६२ मध्ये सक्ती आली. १९६४ पासून बंदूक नाकारणाऱ्यांसाठी 'बांधकाम सैनिक' हा मार्ग ठेवला, पण तो निवडणाऱ्यांना पुढे शिक्षणात आणि नोकरीत त्याची किंमत मोजावी लागे.

सिंहपूर

सरळ_रेघ, माझ्या मुलाचा अनुभव चांगला होता हे खरं, पण त्याच्याच तुकडीतल्या एका मुलाला ती दोन वर्षं फार जड गेली. त्याची आई माझी मैत्रीण आहे. त्यामुळे 'सगळीकडे असावी' असं मी म्हणू शकत नाही.

डिझेलकाका

अनुस्वारने आजोबांची काळी बाजू सांगितली. त्याच आजोबांचा 'देंबेल अल्बम', म्हणजे सुटकेचा अल्बम, संग्राहकांना फार प्रिय असतो. घरी जायच्या आधी शिपाई फोटोंचा अल्बम सजवे. पुठ्ठ्याला ओव्हरकोटाचं कापड, फोटोंच्या मध्ये ट्रेसिंग पेपर, त्यावर शाईने चित्रं: घरी निघालेली आगगाडी, वाट पाहणारी मुलगी, झोपलेला अधिकारी. चित्रं अप्रतिम असतात. पण अनेकदा चित्र काढणारा हा एखादा नवा, हात चांगला असलेला पोरगा असे, आणि त्याला रात्र रात्र जागवून अल्बम करून घेत. माझ्याकडे एक आहे. आता तो उघडताना ते पोर आठवतं.

कुतूहल

नवा सभासद. मला सुरुवात करायची आहे. अशी पुस्तकं ठेवणं बेकायदा नाही ना? काहींवर 'गुप्त' वगैरे शिक्के दिसतात.

कागदी_वाघ

@कुतूहल, शिक्का कुठल्या काळातला ते बघायचं. अमेरिकेने 'रिस्ट्रिक्टेड' ही पायरीच १९५३ मध्ये रद्द केली, त्यामुळे महायुद्धातल्या पुस्तकांवरचा तो शिक्का आता इतिहास आहे. सोव्हिएत पुस्तकांवर प्रतीचा क्रमांक हाताने लिहिलेला असतो, कारण प्रत्येक प्रतीचा हिशेब ठेवत.

पण सेवेत असलेल्या टँकचं काहीही समोर आलं तर हात लावायचा नाही, स्कॅन करायचं नाही, पुढे पाठवायचं नाही. २०२१ मध्ये 'वॉर थंडर' या टँकच्या खेळाच्या चर्चेत काहींनी वाद जिंकायला आधी ब्रिटिश चॅलेंजर-२ ची आणि मग फ्रेंच लेक्लेर्कची संरक्षित कागदपत्रं टाकली. खेळातला टँक खऱ्यासारखा नाही, एवढं सिद्ध करायला! चालवणाऱ्यांनी ती काढून टाकली. आपल्याला तो मोह नको.

तेलकट_पानं

@कुतूहल, स्वागत. जपणुकीचं मी सांगतो. स्टेपल गंजले असतील तर हळूच काढा, ओढू नका. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीच लावू नका, दहा वर्षांत ती कागद खाते. घडीचे नकाशे घडीवरच फाटतात, म्हणून ते सपाट ठेवा. ब्रिटिश पुस्तकात दुरुस्त्यांची नोंद पहिल्या पानांवर असते, अमेरिकींत बदललेली पानं वेगळी येतात. आधी ती ताडून बघा, नाहीतर अर्धं पुस्तक जपत बसाल.

आणि तेलाचे डाग पुसू नका. कुठल्या पानाला जास्त हात लागले ते त्यावरूनच कळतं. माझ्या टी-५४ च्या पुस्तकात पोलादाच्या जाडीचं पान कोरं करकरीत आहे आणि हवेच्या दाबाने इंजिन सुरू करायचं पान काळंकुट्ट.

मेघना_र

हे वाक्य वाचून तुमचं टोपणनाव कळलं.

विस्तुला

मूळ प्रश्नाकडे परत येते. तेलकट_पानं, रेघा ९३ वर का थांबल्या हे डोक्यातून जात नाहीये. फीत सापडली की पुढे कागदाची गरज नाही, हे एक उत्तर. पकडला गेला हे दुसरं, कारण हे मोजणं तिथे नियमाबाहेर होतं आणि सरकारी पुस्तकावर लिहिणं त्याहून वाईट. म्हणून तर नकाशाच्या मागे. पुस्तकावर कुठे तारीख आहे का? छपाईची नव्हे, देवाणघेवाणीची.

तेलकट_पानं

मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक फिकट शिक्का आहे. भिंगाने पाहिला. नाव खोडलंय, फक्त महिना आणि वर्ष वाचता येतं: ११/८८.

विस्तुला

नोव्हेंबर १९८८! थांबा, बोटांवर मोजते.

पूर्व जर्मनीत भरती मे आणि नोव्हेंबरमध्ये होई, सेवा अठरा महिन्यांची. नोव्हेंबर ८८ ला आलेला शिपाई एप्रिल ९० च्या अखेरीला सुटणार. तिथून दीडशे दिवस मागे गेलं की नोव्हेंबर ८९ चा शेवट येतो. बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबरला पडली होती. म्हणजे भिंत पडल्यावर दोन-तीन आठवड्यांनीही हा पोरगा टँकमध्ये बसून १५० लिहीत होता.

उत्तरायण

ताई, आणि पुढे मी जोडतो. जानेवारी १९९० च्या सुरुवातीला बेलित्झच्या छावणीत शिपायांनी संप केला. लष्करात संप! सरकारला झुकावं लागलं. सेवा अठराऐवजी बारा महिन्यांची झाली, आणि ज्यांचे बारा महिने आधीच भरले होते त्यांना त्याच महिन्याच्या अखेरीपर्यंत घरी सोडलं.

१५० मधून ९३ वजा केले तर ५७. नोव्हेंबरच्या शेवटापासून सत्तावन्न दिवस पुढे मोजा.

शून्य_सहा

जानेवारीचा शेवटचा आठवडा.

मेघना_र

म्हणजे तो पकडला गेला नाही. तो घरी गेला.

डिझेलकाका

तसंच असेल असं छातीठोक सांगता येणार नाही. शिक्का दुसऱ्याच कोणाच्या वेळचा असू शकतो. पण हिशेब इतका जुळतोय की मला तरी दुसरं काही मानायचं नाही.

तेलकट_पानं

दोन दिवस इथे लिहिलं नाही, माफ करा. तो नकाशा काचेखाली सपाट ठेवलाय, आकड्यांची बाजू वर. विजेच्या जोडणीची बाजू स्कॅन करून घेतली आहे, कोणाला हवी असेल तर सांगा.

आणखी एक सापडलं. खाली अगदी टोकाला, १ च्या पुढे, त्याने एक छोटी आगगाडी काढली आहे. तीन डबे, धूर. पेन्सिल इतकी पुसट की काच ठेवल्यावर, तिरक्या उजेडातच दिसली.

सिंहपूर

फोटो टाका ना. मुलाला दाखवते.